कोपऱ्यातलं मशीन

डॉक्टरबाई एकेक विचारत होत्या. कधी रक्त चढवलं होतं का, मोठं ऑपरेशन, गोंदण, दाताचं काही मोठं काम. बायको नाही म्हणून मान हलवत होती आणि शेजारच्या खुर्चीवर बसून मीही तिच्याबरोबर मान हलवत होतो, जशी काही तपासणी माझीच चालली होती. सात वर्षांच्या संसारात तिच्या अंगावरचा प्रत्येक व्रण मला पाठ होता. गुडघ्यावरचा सायकलवरून पडल्याचा, मनगटावरचा इस्त्रीचा. मग त्यांनी विचारलं, कधी वापरलेली सुई टोचली होती का, आणि मी घाईनं नाही म्हणालो. त्याच वेळी ती म्हणाली, "हो. नऊ वर्षांपूर्वी. डाव्या हाताच्या अंगठ्याला." डॉक्टरबाईंनी माझ्याकडे न बघता पेन उचललं. ज्याची सुई होती त्याला हिपॅटायटिस सी होता का? होता. दवाखान्यात नोंद केली होती का? नाही. नंतर कधी तपासलं? नाही. का नाही, असं विचारल्यावर मात्र बायकोनं टेबलाच्या काचेखालच्या लसींच्या तक्त्याकडे पाहिलं आणि ती किंचित हसली. रिपोर्टानं मी घाबरलो होतो, खोटं कशाला सांगू. पोटात पाच महिन्यांचं मूल आणि रक्तात यकृताचा आजार, कोण नाही घाबरणार. पण ते हसू पाहिलं आणि भीती जागच्या जागी राहिली, मी त्या भीतीकडे बघायचाच थांबलो. सात वर्षांत ते हसू मी पाहिलं नव्हतं.

बाकीचं सगळं डॉक्टरबाईंनी नीट समजावून सांगितलं. हिपॅटायटिस सी झाला म्हणजे आभाळ कोसळलं असं नाही. आत्ता औषध द्यायचं नाही, बाळ झाल्यावर बारा आठवडे गोळ्या घ्यायच्या, बहुतेक लोक पूर्ण बरे होतात. शंभरातल्या पाच-सहा बाळांना आईकडून जातो, पण गेला की नाही हे जन्मल्यावर काही महिन्यांनीच कळेल. दूध पाजायला हरकत नाही, फक्त भेगा पडून रक्त आलं तर थांबायचं. ब्रश, रेझर, नेलकटर वेगळं ठेवायचं. आणि नवऱ्यानंही एकदा रक्त तपासून घ्यावं, हे त्यांनी आम्ही उठता उठता सांगितलं. शंभरात पाच. मी स्वयंपाकघरं बसवतो, मापं घेऊन ओटे, कपाटं, ट्रॉल्या. शंभर फळ्यांत पाच वाकड्या निघाल्या तर आमच्याकडे माल चांगला आला म्हणतात. तो आकडा त्या दिवशी माझ्या घशात अडकायला हवा होता. पण मी पाचाचा विचार करतच नव्हतो. 'ज्याची सुई' यातल्या 'ज्या'चा विचार करत होतो.

गाडीपाशी आल्यावर मी किल्ली काढली आणि दार न उघडताच उभा राहिलो. माझ्या तोंडून शब्द फुटायच्या आत तीच बोलली. "हे बघ, तुझ्या डोक्यात काय चाललंय ते मला दिसतंय. विचारायचं असेल तर एकदाच विचार. एक प्रश्न. मी खरं सांगीन, काहीही असलं तरी. पण दुसरा विचारायचा नाही. आणि बाळ व्हायच्या आत विचारायचं, नंतर कधीच नाही." मी म्हणालो, ही कसली अट? ती म्हणाली, "तू रोज थोडं थोडं कुरतडशील. ओळखते मी तुला. कुरतडलंस तर मी आईकडे जाईन, आणि मूल तिथंच वाढेल." आवाज चढलेला नव्हता, रुग्णाला पथ्य सांगावं तसं सांगत होती. आणि तिचं बरोबरच होतं. मी कुरतडणारा माणूस आहे. लग्नाच्या पहिल्या वर्षी तिच्या चुलतभावाच्या कुठल्याशा मित्रानं दिलेल्या घड्याळावरून मी दोन महिने तिचं डोकं खाल्लं होतं. किती वाजले असं विचारतानाही टोमणा मारायचो. शेवटी तिनं ते घड्याळ काढून ड्रॉवरमध्ये टाकलं आणि मग मला वाईट वाटलं, पण तोवर उशीर झाला होता. आता एकच प्रश्न हातात होता. घरी पोचेपर्यंत मी तीन तयार केले आणि तिन्ही टाकून दिले.

घरी आई होती. तिला काय सांगायचं हे आमचं ठरलंच नव्हतं. तिनं दारातच विचारलं, एवढा वेळ का लागला, काय म्हणाल्या डॉक्टर, आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "साखर थोडी वाढलीय." झालं. त्या दिवसापासून आईनं गोडाचे सगळे डबे वरच्या फळीवर हलवले. बायकोला नेमके गोडाचेच डोहाळे लागले होते. समोर उकडलेल्या भाज्या, शेजारच्या काकूंनी लिहून दिलेली पथ्याची यादी, आणि सुनेच्या चहावर आईची करडी नजर. बायको जेवता जेवता टेबलापलीकडून माझ्याकडे बघायची. एकदा ओट्याशी मला गाठून म्हणाली, "निदान दुसरं काहीतरी सांगायचंस. मीठ सांगायचंस." आणि ती हसली, नेहमीचं हसू, मला ठाऊक असलेलं. मला हसता आलं नाही. हिला विनोद कसा सुचतो, याचाच मला राग आला. मग वाटलं, हिला काय, हिच्या रक्तात सोबतीला कुणीतरी आहे. इतका वेडगळ विचार मनात आल्यावर मी वर चढून डब्यातून दोन लाडू काढले आणि आईची नजर चुकवून तिला नेऊन दिले. तिनं दोन्ही उभ्या उभ्या खाल्ले.

तिचं जुनं काम मला माहीत होतं, म्हणजे मला तसं वाटत होतं. आता ती डोळ्यांच्या दवाखान्यात आहे, पण लग्नाआधी डायलिसिसच्या विभागात होती. तिथं मूत्रपिंडं निकामी झालेली माणसं आठवड्यातून तीनदा येऊन चार-चार तास मशीनला जोडून पडलेली असायची. लग्न ठरल्यावर मी संध्याकाळी तिला भेटायला जायचो. दवाखान्यासमोर एक सिमेंटचं बाकडं होतं. एकदा ती डोळे सुजवून आली, माझ्या शेजारी बसली आणि म्हणाली, "आज आमचा कोपरा गेला." दवाखान्याच्या फाटकात वाळूचा ढीग मी स्वतः पाहिला होता. डागडुजी चालू होती. आणि कोपरा हा तर माझा विषय. कोपरा काटकोनात नसेल तर सगळा ओटा फसतो, आणि कोपऱ्यातल्या कपाटाला आम्ही आंधळं कपाट म्हणतो, कारण आत गेलेली वस्तू हाताला लागत नाही. तेव्हा मी माझ्या धंद्यातला सगळा अनुभव पणाला लावून तिची समजूत काढली. म्हणालो, "जाऊ दे गं. जुना कोपरा कधी सरळ नसतोच. नवीन करतील तो बघ किती छान होईल." ती माझ्याकडे बघत राहिली. मग हसायला लागली. हसता हसता तिच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं आणि तिनं पहिल्यांदा माझ्या खांद्यावर डोकं ठेवलं. ही गोष्ट मी मित्रांना निदान दहा वेळा सांगितली असेल. रडणाऱ्या मुलीला कसं हसवलं, त्याची.

रिपोर्टानंतर चार-पाच दिवसांनी दात घासताना माझा हात थांबला. सी झालेल्या रुग्णांचं मशीन वेगळं असतं, ते एका बाजूला ठेवतात, हे तिनंच कधीतरी सांगितलं होतं. आणि तिथल्या नर्सेस रुग्णांना त्यांच्या जागेवरून ओळखायच्या, हेही. खिडकी आज लवकर आली. दाराचं वजन वाढलंय. कोपरा गप्प आहे. म्हणजे कोपरा हा माणूस होता. कोपरा गेला म्हणजे माणूस गेला होता, आणि ती ज्याच्याशी लग्न करणार होती त्याला येऊन सांगत होती, आणि मी म्हणालो होतो, नवीन छान होईल. तोंडातला फेस तसाच ठेवून मी आरशात बघत उभा राहिलो. आई दारावर थाप मारून विचारत होती, झोपलास की काय आत. माझ्या आयुष्यातला सर्वांत चांगला विनोद मी केलाच नव्हता. आणि खांद्यावरचं ते पहिलं डोकं, ज्याच्या आठवणीवर मी कितीतरी भांडणं मिटवली होती, ते दुसऱ्यासाठी रडायला टेकलेलं होतं. तळपायाची आग मस्तकात गेली, पण चिडायचं कुणावर? मी तोंड धुतलं आणि कामाला गेलो.

मग हिशेब सुरू झाले. सुई नऊ वर्षांपूर्वीची. मी तिला भेटलो आठ वर्षांपूर्वी, लग्न सात. म्हणजे तो माझ्या आधीपासून तिच्यात होता आणि मी असताना सगळा वेळ होता. डॉक्टरबाई म्हणाल्या होत्या, हा आजार वर्षानुवर्षं गप्प असतो, माणसाला पत्ता लागू देत नाही. आम्ही फिरायला गेलो, भांडलो, घर घेतलं, दोनदा मूल राहून पडलं, तेव्हा मी तिचा हात धरून बसलो, आणि त्या हाताच्या अंगठ्यातून आत गेलेलं ते सगळं बघत होतं. दुपारी ती कुशीवर झोपलेली असायची तेव्हा मी दारात उभा राहून तिच्याकडे बघायचो. उजव्या बरगडीखाली यकृत असतं. मी तिथं बघायचो. पोटाकडे, जिथं माझं मूल होतं, तिकडे माझं लक्ष नंतर जायचं. मला मत्सर वाटत होता, सरळ सांगतो, आणि तो मेलेल्या माणसाचा. जिवंत माणूस परवडतो. त्याचं टक्कल पडतं, पोट सुटतं, लग्नाकार्यात भेटला की चार फालतू गोष्टी बोलतो आणि आपण घरी येऊन बायकोला म्हणू शकतो, हा होय तो? हा मात्र कोपऱ्यात पडल्या पडल्या होता तसाच राहिला होता. आणि शंभरात पाच. ते पाच आता मला नीट कळायला लागले होते. माझ्या मुलात शंभरातले पाच भाग त्याचे असू शकत होते. आजार असा वाटून जात नाही, हे मला कळत होतं. तरी गुण्या लावून कोन मोजतानासुद्धा माझ्या डोक्यात तेच यायचं.

सातव्या महिन्यात मी एक मूर्खपणा केला. तिच्या विभागाच्या प्रमुख, ज्यांना सगळे मोठ्या सिस्टर म्हणत, त्या निवृत्त होऊन जवळच राहत होत्या. मी फोन करून सांगितलं की आमची कंपनी ओळखीच्यांची स्वयंपाकघरं मोजून देतेय. त्यांनी असलं काही मागितलं नव्हतं, पण ये म्हणाल्या. मी टेप घेऊन गेलो, ओट्याची लांबी घेतली, कोपऱ्यात गुण्या लावला, बोटभर फरक निघाला, तो वहीत लिहिला. त्या दाराला टेकून बघत होत्या. मग म्हणाल्या, "टेप ठेव खाली आणि काय विचारायचंय ते विचार." मी विचारलं, त्या कोपऱ्यातल्या मशीनवर कोण असायचं? त्यांनी विचारलं नाही की मला कशाला हवंय. एवढ्या वर्षांत नवरे, बायका, मुलं, सगळ्यांना त्यांनी असं काहीबाही विचारताना पाहिलं असणार. म्हणाल्या, त्या कोपऱ्याला हात लावायला कुणी तयार नसायचं. तिथली ड्युटी लागली की पोरी आजारी पडायच्या. तुझ्या बायकोनं मागून घेतला तो. "एक ड्रॉइंगचा मास्तर होता तिथं, तिशीतला. डावा हात मशीनला, उजव्या हातानं चित्रं काढायचा. कागद धरायला तिसरा हात लागतो ना, तो हिचा." मी अगदी सहज विचारल्यासारखं विचारलं, आणि तिथं कुणाला सुई टोचली तर? "तर वहीत लिहायचं. लिहिलं की त्या मशीनवरून हलवायचं आणि सहा महिने तपासण्या करायच्या. नियमच होता." त्यांनी हे कपबशा विसळता विसळता सांगितलं. डॉक्टरबाईंना न मिळालेलं उत्तर मला मिळालं. तिनं लिहिलं नाही, कारण लिहिलं असतं तर तिला कोपरा सोडावा लागला असता.

जाताना त्यांनी एक चित्र दाखवलं. कपाटाच्या आतल्या बाजूला चिकटवलेलं होतं. मला वाटलं, आता हिचा चेहरा बघावा लागणार, आणि मी तयारी केली. पण त्या कागदावर नुसत्या चपला होत्या. आडवा पडलेला माणूस, त्याला पलंगांखालून तेवढ्याच दिसायच्या. सगळ्या विभागाच्या चपला ओळीनं काढलेल्या, मोठ्या सिस्टरांच्या रुंद, कुणाच्या पट्टा तुटलेल्या. यातल्या हिच्या कुठल्या, असं मी विचारणार होतो, पण विचारायची गरज पडली नाही. डाव्या पायाची टाच बाहेरच्या बाजूनं झिजलेली. ती डावा पाय थोडा बाहेर टाकून चालते. ही गोष्ट तिच्या आईलाही माहीत नव्हती, लग्नानंतर मी सांगितली तेव्हा कळली. मी ती माझी समजत होतो. चेहरा काढला असता तर मी सहन केला असता, चेहरा कुणीही बघतो. मोठ्या सिस्टर म्हणाल्या, "बायको गुणी आहे हो तुझी. सांभाळ." मी हो म्हणालो आणि गुण्या तिथंच विसरून आलो.

रक्त तपासायला मी जात नव्हतो. उद्या, परवा, साइटवर काम आहे, असं करत अडीच महिने गेले. बायको काही बोलत नव्हती. नववा लागायच्या आधी एका सकाळी मी गेलो, रक्त दिलं, आणि अहवाल यायला दोन दिवस लागतील म्हणाले. त्या दोन दिवसांत मला स्वतःबद्दल एक गोष्ट समजली. मला तो हवा होता. माझ्या रक्तात निघाला असता तर तो तिचा एकटीचा राहिला नसता. मग ती, मी आणि तो, आम्ही तिघंही सारखेच झालो असतो, बारा आठवडे शेजारी शेजारी बसून गोळ्या घेतल्या असत्या, आणि तो मास्तर घरातलाच एक त्रास होऊन गेला असता, ओल येणाऱ्या भिंतीसारखा. खिडकीतल्या मुलीनं कागद पुढे सरकवला आणि म्हणाली, निगेटिव्ह आहे, काळजी नको. मी म्हणालो, नक्की? ती म्हणाली, नक्की. मी म्हणालो, परत एकदा बघता का? तिला वाटलं मला आनंद झालाय, ती कौतुकानं हसली. भरल्या पानावरून उठवलेल्या माणसासारखा मी बाहेर आलो.

घरी बायको एकटी होती, आई ताईकडे गेली होती. ताईच्या मुलांची जुनी झबली धुऊन आली होती, त्यांच्या घड्या घालत ती पलंगावर बसली होती. मी कागद दिला. तिनं तो नर्सनं वाचावा तसा वाचला, आधी नाव, मग तारीख, मग खालची ओळ. मग पोटावर ठेवला आणि डोळे मिटून म्हणाली, "सुटले." तिच्या गालावरून पाणी ओघळलं. स्वतःचा रिपोर्ट आला तेव्हा ती रडली नव्हती. म्हणाली, "तीन महिने देव पाण्यात घालून बसलेय मी. तू तपासायला जाईनास. आणि मला जा म्हणायला तोंड नव्हतं." मी उभाच होतो. तिनं डोळे पुसले, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "बस. आता विचार. फार दिवस राहिले नाहीत."

मी बसलो. तो कोण होता, हे मला माहीत होतं. का सांगितलं नाहीस, तेही. उरलेला प्रश्न एकच होता, त्याच्यावर प्रेम होतं का, आणि तो मी गाडीत, शिडीवर, अंघोळ करताना इतक्या वेळा म्हणून पाहिला होता की तोच बाहेर येणार अशी माझी खात्री होती. पण तोंडातून निघाला तो दुसराच. "बाळाला झालेला निघाला, तर तुला बरं वाटेल?" शब्द बाहेर पडले आणि मला जीभ हासडावीशी वाटली. बाळंतपणाला आलेल्या बाईला कुणी असं विचारतं? ती आता उठेल, बॅग काढेल, असं वाटलं. ती उठली नाही. तिनं हातातल्या झबल्याची घडी घातली, मोडली, परत घातली.

"एकदा वाटलं होतं," ती म्हणाली.

दुसरा प्रश्न मला नव्हताच.

"रिपोर्ट आला त्याच्या दुसऱ्या दिवशी. अंघोळीला बसले होते. त्याचं काहीच कुठं उरलं नव्हतं रे, आई-बाप आधीच गेलेले, शाळेनं त्याच्या वह्यासुद्धा रद्दीत घातल्या. आणि एकदम मनात आलं, चला, एवढं तरी राहिलं. दोन तांबे अंगावर घेईपर्यंत वाटलं असेल. मग मी स्वतःच्या थोबाडीत मारून घेतली. खरंच मारली. तेव्हापासून रोज पोटावर हात ठेवते आणि मनात म्हणते, तू ऐकलं नाहीस ना, तू ऐकलं नाहीस ना." ती थांबली. "आईच्या मनात असं येतं का कुणाच्या?"

मला तिला जवळ घ्यायला हवं होतं. चांगल्या नवऱ्यानं घेतलं असतं. मी म्हणालो, "हा कागद बघून मला वाईट वाटलं."

"का?"

"मला हवा होता. तुम्ही दोघं आत, मी एकटाच बाहेर राहिलो."

ती माझ्याकडे बघत राहिली. मग "मूर्ख आहेस" म्हणाली, आणि पुढं सरकली, पोट मध्ये येत होतं म्हणून तिरकी होऊन तिनं कपाळ माझ्या खांद्याला लावलं. ती रडत होती आणि या वेळी कुणासाठी, ते मी मोजलं नाही. म्हणजे मोजलं, पण आकडा लागला नाही. दोघांसाठी असेल, बाळासाठी असेल, स्वतःसाठीही. बाळाला गेला की नाही हे कळायला अजून कितीतरी महिने होते, आणि गेला असला तर ते मूल माझं होतं आणि त्याला दवाखान्यात मीच नेणार होतो, एवढं मला त्या क्षणी पक्कं कळलं. मत्सर गेला नव्हता. अंगठा त्याचा होता, कोपरा त्याचा, झिजलेली टाच आधी त्यानं पाहिली होती. पण न्हाणीघरातले ते दोन तांबे तिनं आईला सांगितले नव्हते, मोठ्या सिस्टरांना सांगितले नव्हते, आयुष्यात फक्त मला सांगितले. मी तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिलो. हे त्याला कधीच कळणार नाही, असं माझ्या मनात आलं, आणि मला फार बरं वाटलं.